सात भोकांची सायकल

खूप पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची म्हणाल, तर तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनासुद्धा ती जुनीच वाटली असती, एवढ्या पूर्वीची. डोंगरांच्या पाठीवर एक राज्य होतं. तिथे घोडे टिकत नसत आणि बैल चढत नसत, म्हणून राजापासून पाणक्यापर्यंत सगळे सायकलवर बसत.

आता तुमच्यातला एखादा शहाणा विचारणारच, "तेव्हा सायकली कुठे होत्या?" होत्या, बाबा. माझ्या गोष्टीत होत्या. गोष्टीतला कोल्हा बोलतो तेव्हा मुकाट मान डोलावतोस ना? मग सायकलीपाशीच का अडतोस? गप बस आणि ऐक.

त्या राज्याच्या मधोमध वारेपठार होतं. अलीकडे राजधानी, पलीकडे बोरवाडी, आणि मधे पाच कोस नुसता सडा, म्हणजे उघडा कातळ. झाड नाही, घर नाही, आडोशाला मोठा दगडसुद्धा नाही. आणि वारा! अहो, काय सांगू त्या वाऱ्याचं. तोंड उघडून हाक मारावी, तर हाक आपल्याच पाठीमागे निघून जायची. पाठीवर घेतला तर माणसाला अलगद घरी पोचवायचा आणि समोरून आला तर धट्टाकट्टा गडीसुद्धा रडकुंडीला यायचा.

एकट्यादुकट्यानं ते पठार ओलांडणं म्हणजे जिवाशी खेळ होता. म्हणून लोक ओळीनं जायचे. एकाच्या मागच्या चाकाला दुसऱ्याचं पुढचं चाक जवळजवळ चिकटलेलं. पहिला असेल त्यानं छातीवर वारा झेलायचा, बाकीच्यांनी त्याच्या आडोशानं यायचं. पहिला दमला की बाजूला सरून शेपटाला जायचा आणि दुसरा पुढे व्हायचा.

या कामात सगळ्यात तरबेज होते आघाडीचे चौदा स्वार. वर्षातून एकदा, चैत्राच्या पहिल्या आठवड्यात, ते पठार ओलांडून बोरवाडीला जायचे. ते बघायला लोक पोरांना खांद्यावर घेऊन वेशीवर यायचे. चौदा सायकली एका लयीत निघायच्या. चौदा गुडघे एकदम वर, चौदा गुडघे एकदम खाली. ओळ वळली तर एकच माणूस वळल्यासारखं वाटायचं. ते बघताना म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि खोटं कशाला बोलू, ही गोष्ट सांगताना माझ्याही येतं.

आता या आघाडीचे काही नियम होते. ते कुठेही लिहिलेले नव्हते. पण कुणी मोडला, तर तेरा भुवया एकदम वर जायच्या, आणि तेवढं पुरायचं.

ते नियम आले होते थोरल्या स्वाराकडून. थोरला स्वार म्हणजे कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी एका दुपारी पठारावरून धुळीचा लोट उठला आणि त्या लोटातून तो एकटाच बाहेर आला. एकटा! ते वारेपठार एकट्यानं ओलांडून! सगळी राजधानी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली. तो कुणाशी बोलला नाही, थांबला नाही. त्यानं मागे वळून पाहिलं नाही, की हँडलवरचा हात उचलून कुणाला रामराम केला नाही. सायकल त्यानं विहिरीला टेकवली, गल्लीत शिरला, आणि थोड्या वेळानं कुणाला तरी बरोबर घेऊन पायीच पुन्हा पठाराकडे चालता झाला. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. लोक म्हणाले, वाऱ्यातून आला आणि वाऱ्यात मिसळला.

मागे राहिली ती त्याची सायकल. लोकांनी तिच्यासाठी दगडी सायकलघर बांधलं. ती अगदी उघडी होती. तिला मडगार्ड नव्हतं, कॅरियर नव्हतं, स्टँड नव्हता, घंटी नव्हती. नुसता सांगाडा आणि दोन चाकं. त्या सांगाड्याला सात भोकं होती आणि हँडलवर बोटभर रुंदीचा एक चकचकीत पट्टा होता. पुजारी रोज सकाळी त्या सातही भोकांना गंध लावायचा.

बस्स! लोकांना तेवढं पुरलं. थोरल्या स्वाराला घंटी नव्हती ना? मग खऱ्या स्वारानं घंटी लावायची नाही. त्याला कॅरियर नव्हतं? मग कॅरियर म्हणजे हमालाची निशाणी. तो आला तेव्हा त्याच्या विजारीचा डावा पाय गुडघ्यापासून खाली फाटलेला होता, म्हणून आघाडीचे स्वार नव्या कोऱ्या विजारीचा डावा पाय शिंप्याकडून कापून घ्यायचे. आणि ती सात भोकं! राजधानीतले लोहार आघाडीच्या सायकलींना मुद्दाम सात भोकं पाडून द्यायचे. कशासाठी? तर कशासाठीच नाही. एक म्हणायचा, "माझी भोकं बघ, किती गोल आहेत." दुसरा म्हणायचा, "गोल आहेत रे, पण जरा मोठीच झाली." एका गड्यानं तर सायकलवर रंगवलेलं बापाचं नाव खरवडून काढलं, म्हणे रंगाचं वजन होतं. हसू नका. तुमच्या-आमच्या घरातही असे नग असतात.

वाटेत समोरून दुसरा उघड्या सायकलचा स्वार आला, की हे हनुवटी जराशी खाली करायचे. तोच रामराम. हात उचलायचा नाही, कारण थोरल्या स्वारानं उचलला नव्हता. आणि समोरून दुधाच्या कासंड्या लादलेला गवळी आला, तर? तर हनुवटी जिथल्या तिथे.

आघाडीचा म्होरक्या होता उदाजी. आता तुम्हाला वाटेल, हा मोठा दुष्ट असणार. तसं मुळीच नाही. उदाजी सरळ माणूस होता. सहा वर्षांचा असताना बापाचं बोट धरून तो पहिल्यांदा सायकलघरात गेला होता. त्या उघड्या सायकलसमोर उभा राहिला आणि का कोण जाणे, त्याला रडू फुटलं. असं काहीतरी आपल्याला जमायला हवं, एवढंच त्याच्या मनात आलं. तेव्हापासून रोज पहाटे त्या सायकलला हात जोडल्याशिवाय त्यानं कधी पेडलवर पाय ठेवला नाही. त्याची भक्ती सोळा आणे खरी होती. चूक होती ती भलतीकडेच.

तर त्या वर्षी आघाडी निघायच्या वेळेला, गर्दीतून वाट काढत एक बाई पुढे आली. तिचं नाव बयजा. बयजा सुईण होती. राजधानीतली निम्मी पोरं तिच्याच हातावर पहिल्यांदा रडली होती. कासोटा घातलेलं लुगडं, पाठीला पोक नाही, आणि हातात एक दणकट, काळी, जडशीळ सायकल. तिला दोन मडगार्ड, लोखंडी कॅरियर, त्यावर घोंगडीत बांधलेलं बोचकं, खाली स्टँड, आणि हँडलवर पितळी घंटी.

"उदाजीदादा," ती म्हणाली, "माझी लेक गौरा बोरवाडीला दिलीय. काल रात्रीपासून अडलीय. सकाळी सांगावा आला, तिथली सुईण म्हणते मूल आडवं आहे, तिच्या हाताला येत नाही. मला दुपारच्या आत पोचायला हवं. मला तुमच्या ओळीच्या शेपटाला घ्या. मी मधे येणार नाही, काही नाही. नुसता आडोसा द्या."

उदाजी सायकलकडे बघत राहिला. बाकीचे तेराही बघत राहिले. एकानं कॅरियर बघितलं आणि मान फिरवली.

"बाई, ओळीचे काही रिवाज आहेत," उदाजी म्हणाला. "कॅरियर चालत नाही."

"मग बोचकं पाठीला बांधते. कॅरियर इथंच काढून ठेवते, पाना आहे माझ्याजवळ."

"स्टँड, मडगार्ड, तेही नाही चालत."

"तेही काढते की! एवढंच ना?"

उदाजी जरा गडबडला. एवढ्या सरळपणे कुणी ऐकेल असं त्याला वाटलं नव्हतं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "डावा पाय उघडा लागतो."

बयजानं खाली आपल्या कासोट्याकडे बघितलं. "अरे बाबा, माझे दोन्ही उघडे आहेत. एक तुला उसना देऊ का?"

गर्दी खो खो हसली, आणि तिथेच सगळं बिनसलं. आघाडीला कुणी हसलेलं चालायचं नाही. उदाजीचा चेहरा लाल झाला. त्यानं घंटीकडे बोट दाखवलं. "आणि हे काय? ही कुठली खापरपणजोबांची घंटी?"

"बरोबर ओळखलंत," बयजा म्हणाली. "खापरपणजोबांचीच आहे. बाकी सगळं काढते, पण ही इथं सोडणार नाही. आमच्या घरचा शब्द आहे तसा."

"मग तुम्हाला ओळीत जागा नाही," उदाजी म्हणाला.

"दादा, लेक आहे हो माझी," एवढंच ती म्हणाली. पण उदाजीनं हनुवटी खाली केली, तो निघण्याचा इशारा होता, आणि चौदा गुडघे एकदम वर गेले.

मग बयजानं काय केलं? ओरडली? शिव्या दिल्या? थोड्या दिल्या असतील, मी काही तिथे नव्हतो. पण ती सायकलवर बसली आणि एकटीच निघाली.

पठारावर त्या दिवशी वारा समोरून होता. आघाडीची ओळ तो वारा कापत निघाली. मोठं देखणं दृश्य होतं ते. पहिला झेलतोय, बाकीचे त्याच्या पाठीशी, पहिला सरतोय, दुसरा पुढे येतोय. बराच वेळ उदाजी पुढे होता. मग तो बाजूला सरला आणि रिवाजाप्रमाणे शेपटाला गेला, सगळ्यांत मागे.

इथे ऐका नीट. त्या सड्यावर ठिकठिकाणी भेगा होत्या. फार पूर्वी लोक ओळीनं जायचे, तेव्हा पुढच्याला भेग दिसली की तो हात खाली करून बोट दाखवायचा, मागचा त्याच्या मागच्याला दाखवायचा, आणि इशारा शेपटापर्यंत पोचायचा. पण थोरल्या स्वारानं हँडलवरचा हात सोडला नव्हता ना! म्हणून आघाडीत हात सोडणं म्हणजे गावंढळपणा ठरला होता. पुढच्याला भेग दिसली. त्यानं ती चुकवली, पण हात काही सोडला नाही. त्याच्यामागच्यानंही चुकवली. एकेकानं ऐनवेळी चुकवली. शेवटच्याला वेळच उरला नाही. उदाजीचं पुढचं चाक भेगेत गेलं, सायकल उलटली, आणि त्याचा उघडा डावा पाय दगडावर असा आपटला की नडगी मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला.

तो ओरडला. हाक त्याच्याच पाठीमागे निघून गेली. पुढच्या तेरा जणांपैकी कुणीही वळून बघितलं नाही, कारण मागे बघायचं नाही. थांबायचंही नाही. हे त्यानंच त्यांना शिकवलं होतं, आणि ते उत्तम शिकले होते. तेरा पाठी लहान लहान होत गेल्या आणि धुळीत दिसेनाशा झाल्या.

उदाजी पडून राहिला. पायातून रक्त येत होतं, वारा अंगावर वाळू मारत होता, डोळे उघडवत नव्हते. वाळूचा थर त्याच्या पोटावर चढायला लागला. आपण इथेच संपणार, हे त्याला हळूहळू कळत गेलं. इतकी वर्षं ज्या पठारावर मिरवलो, ते पठार आपल्याला ओळखतसुद्धा नाही, असं त्याला वाटलं आणि तो लहान मुलासारखा घाबरला.

किती वेळ गेला कोण जाणे. मग त्याला चाकांची करकर ऐकू आली.

बयजा होती. केस सुटलेले, तोंड धुळीनं पांढरं, छाती धपापतेय. निम्मं पठार तिनं एकटीनं ओलांडलं होतं. तिनं उदाजीला बघितलं आणि सायकल थांबवली, पण उतरली नाही. एक पाय जमिनीवर, एक पेडलवर. तिनं एकदा बोरवाडीच्या दिशेला बघितलं, एकदा त्याच्या पायाकडे.

"जा तू," उदाजी म्हणाला. "तुझी लेक वाट बघतेय. मी तुला ओळीत घेतलं नव्हतं."

"ते मला ठाऊक आहे," बयजा म्हणाली. "आता तोंड बंद ठेवा आणि पाय सरळ करा." आणि ती उतरली.

तिनं पाना काढला. आधी दोन्ही मडगार्ड सोडवले, दगडानं ठोकून सरळ केले आणि मोडलेल्या नडगीच्या दोन बाजूंना लावले. बांधायला कापड हवं होतं. तिनं गुडघ्याशी खोचलेली लुगड्याची डावी बाजू टराटरा फाडली आणि घट्ट पट्टी बांधली. उदाजी किंचाळला. "रडा, रडा," ती म्हणाली, "माझ्यासमोर सगळेच रडतात."

मग तिनं कॅरियर काढलं, भेगेत उभं खोचलं, दगडांनी पक्कं केलं. स्टँड काढला आणि खुंटीसारखा जमिनीत ठोकला. बोचकं सोडून घोंगडी मोकळी केली आणि कॅरियर ते खुंटी अशी आडवी ताणून बांधली. वारा थांबला! निदान उदाजीच्या अंगावरचा थांबला. बोचक्यातलं ब्लेड, दोरा आणि तेलाची बाटली तिनं पदरात बांधून कमरेला खोचली. बाकीचं तिथेच टाकलं.

शेवटी तिनं हँडलवरची घंटी सोडवली आणि त्याच्या हातात दिली.

"ही वाजवत राहा. थांबायचं नाही. धुळीत माणूस दिसत नाही, पण पितळेचा आवाज समोरचा वारासुद्धा कापून जातो. मी माणसं पाठवते."

"पण ही घंटी तर... घरचा शब्द म्हणालीस ना?"

"तोच शब्द पाळतेय," बयजा म्हणाली. "माझे खापरपणजोबा याच पठारावर पाय मोडून पडले होते. कोण कुठला एक वाटसरू आला, त्यानं त्यांचा पाय बांधला, आडोसा केला, ही घंटी हातात दिली आणि म्हणाला, वाजवत राहा, मी माणूस आणतो. गेला, आणि खरंच हाडवैद्य घेऊन पायी परत आला. वाचले म्हणून आम्ही आहोत. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. तेव्हापासून आमच्या घरात ही घंटी पठारावर न्यायचीच, आणि कुणाला लागली तर द्यायची."

एवढं बोलून ती सायकलवर बसली. उभी राहून पेडल मारू लागली.

उदाजीनं घोंगडीच्या कडेनं मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं.

समोर एक सायकल चालली होती. तिला मडगार्ड नव्हतं, कॅरियर नव्हतं, स्टँड नव्हता, घंटी नव्हती. नुसता सांगाडा आणि दोन चाकं. त्या सांगाड्याला जिथे जिथे काही काढलं होतं, तिथे उघडी भोकं होती. दोन मडगार्डची, चार कॅरियरची, एक स्टँडचं. सात. हँडलवर, जिथे इतकी वर्षं घंटी होती, तिथे बोटभर चकचकीत पट्टा उन्हात चमकत होता. बसणारीचा डावा पाय फाटक्या कापडाखाली उघडा होता. दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलेलं, कारण हात सोडला असता तर वाऱ्यानं उलथवलं असतं. ती मागे बघत नव्हती, कारण वेळ नव्हता. ती थांबणार नव्हती, कारण पुढे कुणीतरी मरत होतं आणि मागेही कुणीतरी मरत होतं.

रोज पहाटे ज्याला हात जोडले, ते उदाजीनं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. त्याचे हात आपोआप जुळले. घंटी दोन तळव्यांमधे होती, ती वाजली. मग तो वाजवतच राहिला. रडत होता आणि वाजवत होता.

तिकडे बोरवाडीत आघाडीचे तेरा स्वार पोचले होते. ओट्यावर बसून पाय धुऊन घेत होते. उदाजी मागे राहिला हे त्यांच्या ध्यानात आलं होतं, नाही असं नाही. पण परत जायचं का, याबद्दल नियम काय, यावर त्यांचा वाद चालला होता. एक म्हणत होता, थोरला स्वार परत गेला होता, तेव्हा जायला हरकत नाही. दुसरा म्हणत होता, पण तो पायी गेला होता, सायकलनं गेलेलं चालेल का?

एवढ्यात पठारावरून धुळीचा लोट उठला. त्या लोटातून एक स्वार बाहेर आला. एकटाच. उघडी सायकल, सात भोकं, फाटका डावा पाय. हात हँडलवर, नजर समोर.

वाद थांबला. तेराही जण उठून उभे राहिले. एकाच्या हातातला तांब्या पडला. कुणीतरी पागोटं काढलं, मग सगळ्यांनी काढली, आणि तेरा माना झुकल्या. काही जण तर गुडघ्यांवर आले. शंभर वर्षांनी थोरला स्वार परत आला होता, आणि ते आपल्या डोळ्यांनी बघत होते.

थोरला स्वार त्यांच्या पुढ्यातून न थांबता गेला, आणि जाता जाता खच्चून ओरडला, "अरे मेल्यांनो, वाकून काय बसलात? तुमचा म्होरक्या पठारावर पाय मोडून पडलाय! घंटीच्या आवाजानं जा! पळा!"

बयजा! तेरा जणांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं. मग नियम विचारायला कुणी थांबलं नाही. एकानं शेजारच्या दारातली कॅरियरची सायकल उचलली, म्हणाला, "माणूस आणायचाय, बसवायला जागा नको का?" आणि सगळे सुटले. धुळीत कुठे काही दिसत नव्हतं. पण मधूनच, फार बारीक, ट्रिंग ट्रिंग ऐकू येत होतं. त्या आवाजाच्या मागोमाग ते गेले, आणि भेग दिसली की पुढचा हात सोडून मागच्याला दाखवत होता.

बयजा थांबली ती लेकीच्या दारातच. हात धुतले आणि आत गेली. उन्हं कलायच्या आत मूल हाताला आलं, फिरलं, आणि मुलगी झाली. आजीच्या लुगड्याची धूळ सगळीकडे सांडली होती. गौरानं डोळे उघडले आणि पहिलं काय म्हणाली, तर "आई, तुझी सायकल अशी कशी झाली?"

पुढे उदाजीचा पाय बरा झाला, थोडा लंगडत का होईना. काठी टेकत तो सायकलघरात गेला, बरोबर बयजाला घेऊन गेला. पुजारी सात भोकांना गंध लावत होता. उदाजीनं बयजाच्या हातातली पितळी घंटी घेतली आणि थोरल्या स्वाराच्या हँडलवरच्या त्या चकचकीत पट्ट्यावर बसवली. शंभर वर्षांनी ती आपल्या जागेवर बसली, जराही इकडे तिकडे नाही. पुजाऱ्याच्या हातातली गंधाची वाटी तशीच राहिली.

मग बयजानं पाना काढला आणि घंटी परत सोडवून घेतली. "इथं काय कामाची?" ती म्हणाली. "पठारावर लागेल कुणाला तरी."

तेव्हापासून आघाडीच्या सायकलींना मडगार्ड आले, कॅरियर आलं, घंटी आली, प्रत्येकाच्या खिशात पाना आला. गवळी दिसला तरी हात वर व्हायला लागला. कुणी शेपटाला जागा मागितली, तर त्याला सगळ्यांच्या मधे, अगदी आडोशाला घ्यायचं असं ठरलं. हेही कुठे लिहिलेलं नाही. कधीतरी एखादा स्वार उघडी सायकल घेऊन घरी यायचा. तेव्हा कुणाला दिलं एवढंच विचारायचं, त्याचा गाजावाजा करायचा नाही. नाहीतर काय होतं, माहीत आहे ना? दुसऱ्या दिवशी कुणीतरी शहाणा घरीच मडगार्ड काढून यायचा!

तर मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, तात्पर्य एवढंच: थोर माणसाकडे काय नव्हतं याची नक्कल करू नका, ते त्यानं कुणाला दिलं ते विचारा आणि तसं देऊन बघा.